शेपटीवालं नाव

परिपत्रक आलं तेव्हा मी शिडीवर होते. हातात रंगानं माखलेला ब्रश होता आणि फेकून मारायची इच्छाही होती, पण समोर माणूसच नव्हता. साहेबांनी कागद शिंपीकाकांच्या हातात कोंबला आणि ते पसार झाले. काकांनी खालूनच वाचून दाखवलं.

"नाव बदललंय. सगळ्या गाड्यांच्या पट्ट्या ताबडतोब बदलायच्या."

"कुठल्या शहराचं?" मी विचारलं. विचारण्यात काही अर्थ नव्हता. आमच्या आगारातून कितीतरी गावांना गाड्या सुटतात. ती गावं बिचारी जन्मल्यापासून एकाच नावावर सुखानं नांदतायत. नाव बदलायची खाज फक्त एकाच शहराला आहे, आणि ती खाजवायचं काम आमच्याकडे.

आमच्या बसच्या कपाळावर अजून कापडी पट्टी असते. दोन दांड्यांवर गुंडाळलेलं लांबलचक कापड, त्यावर एकाखाली एक गावं. चालक आतून दांडीची मूठ फिरवतो आणि हवं ते गाव काचेत आणतो. रंगवायचं मी आणि शिवायचं काकांनी. एखादं नाव बदललं तर अख्खी पट्टी नवी करायला कापड मिळत नाही. तेवढाच तुकडा कापायचा आणि त्या जागी नवा शिवायचा. या एका शहराच्या कृपेनं आमच्या पट्ट्यांना मध्येच शिवणींची अशी जाडी आलीय की मूठ तिथं आली की अडकते आणि चालक आमचा उद्धार करतात.

या शहराला नावानं हाक मारणं आम्ही शेडमध्ये कधीच सोडून दिलंय. मी नोकरीला लागले तेव्हा ते 'टोपीवालं' होतं, कारण पहिल्या अक्षराच्या डोक्यावर एक खूण होती. मग कुणाला तरी साक्षात्कार झाला की ती टोपी परक्यांनी घातलेली आहे. ती काढली, आणि काही काळ आम्ही 'टक्कल' रंगवत बसलो. त्यानंतर शेवटचं अक्षर बदललं. ते खाली वळून छान लांब जायचं. ते 'शेपटीवालं'. ते सगळ्यांत जास्त टिकलं, आणि खरं सांगायचं तर मला आवडायचंही. शेपटी ओढताना हात मोकळा व्हायचा.

परिपत्रकासोबत इतिहासही जोडला होता. काकांनी तो चष्मा पुसून पुसून वाचला. मुळात म्हणे नदी ओलांडायची ती जागा, नावाड्यांनी दिलेलं दोन अक्षरांचं नाव. मग एका राजानं त्याला आपल्या आईचं नाव जोडलं. पुढच्या राजानं आईचं काढून स्वतःचं घातलं. मग परदेशी व्यापारी आले, त्यांची जीभ वळेना, म्हणून त्यांनी ऐकू आलं तसं लिहिलं. त्यांच्यातही एका देशाचे कारकून एक लिहायचे आणि दुसऱ्याचे दुसरं. शेवटी एका नकाशेवाल्याला कागदावर जागा पुरेना, म्हणून त्यानं नाव मध्येच तोडलं, आणि तेच तोडलेलं पुढे कित्येक पिढ्या चाललं. आता नामांतर समितीनं निर्णय दिला होता की राजाच्या आईचंच नाव खरं. कारण ते दगडावर सापडलंय. दगड फुटका आहे हे तळटीपेत होतं.

"म्हणजे हे किती लांब?" मी विचारलं.

काकांनी कागद वर धरला. मी शिडीवरून उतरले आणि खाली बसले. आमच्या चौकटीत ते मावणारच नव्हतं. अक्षरं इतकी चेपावी लागणार होती की दहा पावलांवरून नुसता काळा पट्टा दिसला असता. शेपटी गेली, टोपी गेली, सगळी अक्षरं एका उंचीची, एकामागे एक जोडलेली. काका म्हणाले, "मालगाडी." नाव पडलं.

मग आम्ही दोघं मान मोडेपर्यंत मालगाड्या करत बसलो. काढलेली शेपटीवाली कापडं काकांनी गठ्ठा करून कोपऱ्यात टाकली. वाहकांना नवं नाव एका श्वासात म्हणता येईना आणि जुनं म्हणायला परिपत्रकानं बंदी. त्यावर त्यांनी आपल्यापुरता तोडगा काढला, म्हणजे ओरडणंच सोडून दिलं. दाराशी हाताची घडी घालून उभे राहायचे. ज्याला वाचता येईल तो चढेल.

घरी सासूबाईंना मी हे सगळं चवीनं सांगितलं. एरवी माझ्या कामात खोट काढायची संधी त्या सोडत नाहीत. आगारात येऊन, पट्टीकडे मान वर करून, "मधलं अक्षर जरा वाकडं आलंय गं या खेपेला," असं चारचौघांत सुनावायच्या, आणि मला खजील करायचं ते करायच्याच, कारण अक्षर खरंच वाकडं असायचं. त्या दिवशी मात्र त्यांनी पेपरमागून नुसतं विचारलं, "शेपटी पण काढली?"

"काढली."

"बरं," असं म्हणून त्यांनी पान उलटलं.

सासूबाई दर गुरुवारी एकच्या गाडीनं त्या शहराला जायच्या. तिथं त्यांची धाकटी बहीण शुश्रूषागृहात होती. माझ्या नवऱ्याची मावशी. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून वाचा गेली, उजवा हात गेला. बाकीचे दिवस परिचारिका कसंबसं चार घास घालायच्या. गुरुवारी सासूबाई घरून मऊ शिजवलेलं डब्यात भरून न्यायच्या आणि मावशी वाटी चाटून पुसून संपवायच्या. डॉक्टर म्हणाले होते, या बाई जगतायत त्या बहिणीच्या जीवावर.

नव्या पट्ट्या लागल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी सासूबाई नेहमीसारख्या संध्याकाळी परतल्या. "खाल्लं?" मी विचारलं. "खाल्लं की," त्या म्हणाल्या आणि डबा स्वतःच घासायला घेतला. डबा त्या कधी घासत नाहीत. माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण मी दिवसभर मालगाड्या रंगवून वैतागले होते.

दुसऱ्या गुरुवारी दुपारी शेडमधला फोन वाजला. पलीकडे शुश्रूषागृहातली मोठी परिचारिका. ती माझ्यावरच भडकली होती.

"अहो, तुमच्या सासूबाईंना यायचं नसेल तर तसं कळवा तरी. मागच्या वेळी नाहीत, आज नाहीत. मावशी तोंड मिटून दाराकडे बघत पडल्यात. पाणीसुद्धा कष्टानं घेतात. असंच चाललं तर डॉक्टर नाकातून नळी घालायची म्हणतायत, आणि या प्रकृतीला ती सोसेल असं मला वाटत नाही."

"आल्या नाहीत?" मी म्हटलं. "अहो, त्या तर घरून निघाल्यात."

फोन ठेवून मी शेडच्या खिडकीशी गेले. खिडकीतून सगळे फलाट दिसतात. एकची गाडी जाऊन बराच वेळ झाला होता. आणि समोर बाकावर, मांडीवर डबा घेऊन, पाठ ताठ ठेवून, आमच्या सासूबाई बसल्या होत्या.

मला आधी वाटलं, गाडी चुकली. मी बाहेर पडणार इतक्यात त्या उठल्या. फलाटावर एक गाडी लागली होती. त्या तिच्यासमोर गेल्या, मान वर केली, पट्टीकडे बघत राहिल्या. मग दुसरीकडे गेल्या. तिथंही तसंच. वाहक हातभर अंतरावर उभा होता. त्यानं "नमस्कार, आजी" म्हटलं, यांनी मान डोलावली, पण विचारलं नाही. आमच्याकडे गाडी रोज वेगळ्या फलाटाला लागते, जागा मिळेल तिथं. विचारल्याशिवाय किंवा वाचल्याशिवाय कळायची सोय नाही. सासूबाई पुन्हा बाकावर येऊन बसल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. औषधाची बाटली माझ्यापुढे करून "चष्मा कुठं गेला कोण जाणे, तूच बघ," म्हणणं. लग्नपत्रिका आली की "मोठ्यानं वाच, सगळ्यांना कळू दे". आणि रोज सकाळी अर्धा तास पेपर! त्यातल्या बातम्यांवर शेरे मारायच्या त्या आदल्या रात्री रेडिओवर ऐकलेल्या. इतकी वर्षं एका घरात राहतोय आम्ही. त्यांच्या पोटच्या मुलाला माहीत नव्हतं.

मला राग आला. आधी समितीचा, मग साहेबांचा, मग वाहकांचा. सगळ्यांत जास्त सासूबाईंचा. अगं बाई, विचार ना! एक शब्द विचारायला काय जातं? पण आगारात सगळे त्यांना ओळखतात. पट्ट्या रंगवणारीची सासू, अक्षरात खोट काढणारी. त्यांनी "ही गाडी कुठली रे?" असं विचारलं असतं तर ते त्याच दिवशी आगारभर झालं असतं. तोंडावर कुणी हसलं नसतं, पण पाठीमागे झालंच असतं. त्यापेक्षा त्या बाकावर बसून राहिल्या.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी सांगितलं, "आज वाटीभर खाल्लं तिनं." मी भाजी चिरत होते. त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

"आई, तुम्ही निघाल्यावर तिथून फोन आला होता," मी म्हटलं. "तुम्ही असता तेवढंच खातात म्हणे, बाकी तोंड उघडत नाहीत. नळी घालायची म्हणतायत. उद्याही येऊन जा म्हणाल्या."

त्यांच्या हातातला पाण्याचा पेला हातातच राहिला.

"मी येते सोबत," मी म्हटलं.

"तू कशाला? मी काय आज पहिल्यांदा जातेय?" आवाज चढला होता, पण पेला त्यांनी न पिताच खाली ठेवला. नवरा आतून म्हणाला, "अगं, आईला रस्ता पाठ आहे." त्याला मी काही सांगितलं नाही. त्यानं तिथल्या तिथं तोंडावर विचारलं असतं, आणि त्या पुन्हा जेवायला आमच्याबरोबर बसल्या नसत्या.

सकाळी मी शिंपीकाकांच्या आधी शेडमध्ये होते. काका आल्यावर मी गठ्ठ्यातलं एक शेपटीवालं काढून त्यांच्यापुढे ठेवलं. "एकच्या गाडीला हे शिवा. मालगाडीच्या जागी."

"डोकं फिरलंय का तुझं? आज समिती येतेय पाहणीला. फोटो काढणारेत."

"माहितीये."

"नोकरी जाईल."

"शिवताय की मी शिवू?"

काकांनी माझ्याकडे बघितलं आणि सुई उचलली. माझ्या हातची शिवण त्यांना बघवत नाही हे एक कारण असावं.

एकच्या सुमारास गाडी लागली. काचेत शेपटीवालं. मी खिडकीतून बघत होते. सासूबाई डबा घेऊन आल्या. बाकावर बसल्या नाहीत. पहिल्याच नजरेत त्यांना ते दिसलं आणि त्या सरळ, भराभर, त्या गाडीकडे चालायला लागल्या. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात साहेब समितीला घेऊन त्याच फलाटावर आले. दोन गृहस्थ, एक बाई आणि कॅमेरावाला. साहेब हातवारे करत काहीतरी सांगत होते, त्यांनी कौतुकानं पट्टीकडे बोट केलं, आणि बोट तसंच हवेत राहिलं. मग त्यांनी जी हाक मारली ती शेडपर्यंत आली. मी गेले. सासूबाईंचा एक पाय पायरीवर होता.

"हा काय प्रकार आहे?" साहेबांचा चेहरा लालबुंद झाला होता. "परिपत्रक दिलं होतं ना? पाहुण्यांसमोर माझी शोभा करायची ठरवलीय का?"

"एकाच गाडीला आहे, साहेब. एकच दिवस."

"का पण? कारण काय?"

काय सांगणार? सुचलं ते म्हटलं, "जुनं नाव काही प्रवाशांना लागतं."

"कुणाला लागतं? लहान पोर वाचेल इतकं स्पष्ट आहे नवं. एक प्रवासी दाखवा मला, एक, की ज्याला हे कळत नाही. नाहीतर उद्यापासून शेडमध्ये पाऊल टाकू नका."

लोक जमले होते. मी जमिनीकडे बघत होते. नोकरी गेली तर गेली, असं मी मनाशी म्हणून टाकलं.

"मला लागतं," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी पाय पायरीवरून खाली घेतला आणि साहेबांकडे तोंड केलं. आवाज नेहमीसारखाच, खणखणीत. "मला वाचता येत नाही. अजिबात येत नाही. ते आधीचं मला नजरेनं ओळखू यायचं, शेपटीवरून. हे नवीन येत नाही. दोन गुरुवार मी त्या तिथं बाकावर बसून परत गेले, आणि तिकडे माझी बहीण उपाशी मरतेय."

नमस्कार करणारा वाहक दाराशी उभा होता, त्यानं हाताची घडी सोडली. समितीतल्या एका गृहस्थांना राहवलं नाही. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "आजी, नवीन नाही हो ते. नवं नावच खरं तर फार प्राचीन आहे."

"असेल. मी तेवढी प्राचीन नाही."

मागून कुणीतरी हसलं. साहेब अडचणीत आले की नेहमी बोलतात तेच बोलले. "हे बघा, तुमची अडचण असेल तर रीतसर लेखी अर्ज द्या."

मी कपाळावर हात मारला. मग एप्रनच्या खिशातली शिवण उसवायची कात्री काढली आणि साहेबांच्या हातात ठेवली. "गाडी परत आली की तुम्हीच काढा," मी म्हटलं आणि सासूबाईंच्या मागोमाग चढले. चालकानं गाडी सुरू केली. शेपटीसकट.

त्या डबा मांडीवर घेऊन खिडकीशी बसल्या. मला वाटलं आता त्या माझ्याशी बोलणारच नाहीत, तिथं पोचेपर्यंत काय, कधीच. मग माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"काल."

"मुद्दाम शिवलंस ना ते?"

"हो."

"मूर्ख आहेस. नोकरी घालवत होतीस." मग त्या म्हणाल्या, "शाळेत आम्हा दोघी बहिणींतल्या एकीलाच घालायचं होतं. एकीला घरी धाकट्यांकडे बघायला राहायलाच हवं. मी म्हटलं, तिला घाला, तिची जीभ चुरुचुरू चालते. तिला त्याचं काय वाटलं कोण जाणे, जन्मभर फेडत बसली. माझं लग्न ठरलं तेव्हा तुझ्या सासऱ्यांना सांगितलं गेलं की मुलगी शिकलेली आहे. ती म्हणाली, ताई, तू घाबरू नकोस, मी आहे. तुझ्या सासऱ्यांची पत्रं यायची, ती सुट्टीत येऊन गुपचूप वाचून द्यायची. कुणाला पत्ता लागू दिला नाही. नवऱ्यालासुद्धा नाही तिच्या."

"आणि हे शहराचं नाव?"

त्यांनी डावा तळहात माझ्यापुढे धरला. "ती लग्न होऊन तिकडे गेली ना, तेव्हा इथं बोटानं गिरवून दिलं. अशी टोपी असेल त्या गाडीत बस म्हणाली. मग टोपी काढली, तर पुन्हा गिरवलं. शेपटी आली, तेव्हाही तेच. दर वेळी त्या मेल्यांनी नाव बदललं की पुढच्या भेटीत ती आधी माझा हात ओढून घ्यायची. या वेळी..." त्यांनी हात मिटला. "या वेळी तिचा गिरवायचा हातच उठत नाही."

मी रडले नाही. मला कुणाचा तरी गळा धरावासा वाटत होता, आणि दगडावर कोरणाऱ्यापासून नकाशेवाल्यापर्यंत सगळे माझ्या हाताबाहेर गेलेले होते.

शुश्रूषागृहातल्या खोलीत मावशी भिंतीला टेकवून बसवल्यासारख्या पडल्या होत्या. गालांची हाडं वर आलेली. आम्ही दारात दिसताच त्यांचे डोळे सासूबाईंवर गेले, आणि मग माझ्यावर येऊन थांबले. मी असले की त्या नेहमी अशाच सावध व्हायच्या; का, ते मला तेव्हा समजलं. सासूबाई खुर्ची ओढून बसल्या, डबा उघडला, चमचा भरला. मावशींनी ओठ घट्ट मिटले आणि मान बाजूला वळवली. रुसल्या होत्या. दोन गुरुवार वाट बघायला लावली होती.

"अगं, येता आलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "गाडी ओळखू येईना. नाव बदलून टाकलंय मेल्यांनी, तुला कुणी सांगितलंच नसेल."

मावशींचे डोळे एकदम मोठे झाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, घाबरून, आणि चांगला होता तो डावा हात उचलून बहिणीच्या तोंडावर ठेवायला बघितलं. हात मध्येच पडला.

सासूबाईंनी तो उचलून आपल्या मांडीवर घेतला. "असू दे. तिला माहितीये. सगळ्यांना माहितीये. भर आगारात सांगून आलेय मी, साहेबासमोर, की मला वाचता येत नाही." त्यांनी तो हात दोन्ही हातांत धरला. "खूप सांभाळलंस गं. आता नको सांभाळूस. सुटलो आपण दोघी."

मावशी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्याची जिवंत असलेली अर्धी बाजू हलली. हसू होतं की रडू ते मला कळलं नाही. चमच्याकडे बघत त्यांनी तोंड उघडलं.